भिंत किती फूट

कन्ना चौकाच्या मागे, चादरींची तीन दुकानं सोडून
एक दुकान आहे जिथे चादर मिळत नाही.
गड्डम आणि मंडळी. ताडपत्री, मंडप, तंबू.
सत्तय्या गड्डम गादीवरून हलले नाहीत,
फक्त चष्मा कपाळावरून नाकावर आणला.
"थंडीसाठी? सोलापुरात?
चाळीस वर्षं सावली विकतोय मॅडम,
ऊब मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मी सांगितलं: नान्नजच्या पलीकडचं माळरान,
डिसेंबरातले बेचाळीस दिवस,
एक लांडगीण, तिचं बीळ, आणि आम्ही दोघं.
पहाटे तीनला पेन चालत नाही,
बोटं तर त्याआधीच संपलेली असतात.
गेल्या साली तंबू नायलॉनचा होता.
रात्रभर चुरचुरायचा, फरसाणाच्या पुडीसारखा,
आणि उजाडताना आमचाच श्वास
थेंब थेंब आमच्याच वहीवर पडायचा.
तिसऱ्या रात्री लांडगिणीनं पिल्लं उचलली,
दुसरीकडे नेली.
वहीत तारीख आहे. कारण मी लिहिलेलं नाही.

"मग सुतीच," म्हणाले, आणि उठले.
थान उलगडलं तसा वास आला,
मेणाचा, कांजीचा,
आणि थोडा आमच्या नानांचा, ते म्हणाले,
नाना मागावर बसायचे.
अंगठ्यानं कापड दाबून दाखवलं.
"दहा औंसाचं वाऱ्याला घाबरतं.
अठराचं उचलायला चार माणसं आणा.
चौदाचं घ्या, दुहेरी पिळाचं.
पण आधी एकदा पूर्ण भिजवा, उन्हात वाळवा.
सूत फुगतं, सुईची भोकं आपली आपण मिटतात.
पाण्याची ओळख आधी करून द्यावी लागते की वो,
नाहीतर पहिल्याच पावसाला ते घरात घेतंय."

छताला पत्र्याची चकती, चुलीच्या धुराड्यासाठी.
ठरलं.
"आणि भिंत किती फूट? दोन, तीन, चार?
हा जुना नमुना बघा, शिकारी तळाचा.
साहेबांसाठी आजोबा शिवायचे,
आत उभं राहून दाढी करता यावी म्हणून चार फूट."

शिकारी म्हटल्यावर
उंबऱ्याबाहेर चपलांजवळ बसलेल्या सुरमलनं मान वर केली.
सुरमल काळे. माग काढतो,
दगडावरचासुद्धा.
त्याच्या बापाच्या हातात फासा असायचा,
याच्याकडे माझी दुर्बीण असते, आणि महिन्याची पावती.
तो आत आला. कापडाकडे बघितलंच नाही.
उकिडवा बसून भिंतीच्या खालून हात घातला,
पलीकडे बोटं हलवून पाहिली.

"आजा हितंच होता, सेटलमेंटात.
तारंच्या आत. सकाळ-संध्याकाळ हजेरी.
त्याला सरकारनं पक्की भिंत दिली होती."
भाव सांगावा तसं सांगितलं त्यानं.
"सुटल्यावर मरूस्तवर पालात झोपला."

गड्डमांनी पंखा उगाच एक घर कमी केला.

"तीन फूट लई झाली. उंच भिंत वारं धरती.
खाली वीतभर झालर लावा, तिच्यावर माती ओढू.
रंग नको. डिसेंबरात गवत ह्याच रंगाचं असतंय.
अन् मागची बाजू शिवू नका."
"का?"
"लांडगीण बी बिळाला दोन तोंडं ठेवती."

गड्डमांनी पावतीवर लिहिलं, वळणदार:
तंबू नग एक. भिंत तीन फूट. तोंडं दोन.
आणि घासाघीस न करताच तीनशे कमी केले,
ज्याबद्दल मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

शनिवारी गच्चीवर उभारला, नळीनं भिजवला.
शेजारच्या यल्लूबाई कठड्यावरून म्हणाल्या,
"कुणाचं लग्न काढलं?"
पाणी आधी आत ठिबकत राहिलं,
मग कमी, मग एकाच कोपऱ्यातून.
सुरमल पुढून आत गेला, मागून बाहेर आला.
परत पुढून गेला.
बराच वेळ काही आवाज नाही.